घड्याळात हवा आणि पाणी जाऊ देणारी कंपनी

घड्याळ दणकट करायचं म्हणजे ते बाहेरच्या जगापासून बंद करायचं, हा त्या धंद्यातला जुना नियम. धूळ आत जाऊ नये, घाम जाऊ नये, पाऊस तर नाहीच नाही. काच घट्ट, मागचं झाकण घट्ट, चावीच्या दांडीभोवती रबराची रिंग. आणि १९६२ साली फेवर-ल्यूबा या स्विस कंपनीने बिव्हुआक नावाचं मनगटी घड्याळ काढलं, ज्यात बाहेरची हवा आत पोचावी अशी मुद्दाम सोय होती. सहा वर्षांनी त्याच कंपनीचं बाथी आलं. त्याच्या मागच्या झाकणाला भोकं होती आणि बुडी मारली की त्यांतून समुद्राचं पाणी आत शिरायचं. पहिलं घड्याळ उंची सांगायचं, दुसरं खोली. दोन्हींत बॅटरी नाही, वायर नाही, सेन्सर नाही.

हे नाव आपल्याकडे नवं नाही. अनेक मराठी घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये एक तरी फेवर-ल्यूबा पडलेलं असतं. आजोबांना लग्नात मिळालेलं, नाहीतर पहिल्या पगारातून घेतलेलं. तबकडीवर ‘सी चीफ’ किंवा ‘सी किंग’, खाली ‘जिनिव्हा’. कंपनीचा उगम १७३७ सालचा, ल लोक्ल या जुरा डोंगरातल्या गावी, अब्राहम फाव्र या घड्याळजीपासून. १८६५ मध्ये फ्रिट्झ फाव्र यांनी व्यापार हिंदुस्थानात आणला आणि मुंबईत कंपनीचं बस्तान बसलं. पुढे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीचा कारखाना बंगळूरला उभा राहिला, परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं होतीच. तरी ‘फॉरेनचं घड्याळ’ म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाच्या तोंडी जी दोन-चार नावं यायची त्यात हे एक होतं. गंमत अशी, की आपल्याकडे ज्या नावाची ओळख लग्नातल्या सोनेरी घड्याळाशी जोडली गेली, त्याच नावाचं तेव्हाचं सगळ्यात धाडसी काम गिर्यारोहक आणि पाणबुड्यांसाठी चाललं होतं.

अशा घड्याळांना हल्ली ‘टूल वॉच’ म्हणतात, म्हणजे कामाचं घड्याळ. लोक त्यांच्यावर एवढे का भाळतात हे समजायला दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, घड्याळ किती सोसतं. दुसरी, घड्याळ काय सांगतं. जाहिराती पहिल्या गोष्टीवर चालतात. मला विचाराल तर खरी मजा दुसरीत आहे, पण सोसण्याचा हिशोब आधी करून टाकू, कारण त्यात गैरसमज फार.

चावीच्या घड्याळाचं काळीज म्हणजे बॅलन्स व्हील, पुढे-मागे झुलून वेळ मोजणारं चाक. त्या काळच्या बहुतेक घड्याळांत ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. हे चाक ज्या दांडीवर फिरतं तिची टोकं एक दशांश मिलीमीटरच्या आसपास जाडीची असतात, काही घड्याळांत त्याहूनही बारीक. घड्याळ हातातून निसटून फरशीवर पडलं की चाकाचं सगळं वजन त्या टोकांवर येतं आणि ती मोडतात. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘घड्याळाचा स्टाफ गेला’ असं येतं ते हेच. यावरचा उपाय १९३४ मध्ये इन्काब्लॉकच्या रूपाने आला. दांडीची टोकं ज्या कृत्रिम माणकांत फिरतात ती माणकं पक्की न बसवता बारीक स्प्रिंगवर ठेवली. धक्का बसला की माणिक किंचित सरकतं, दांडीचा जाड भाग बाजूला टेकून मार झेलतो आणि मग सगळं पुन्हा जागेवर येतं. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ती हीच माणकं, काही धक्के सोसायला आणि बाकीची घर्षण कमी करायला बसवलेली. ती कारखान्यात बनतात. सोनाराकडे नेऊन उपयोग नाही.

शॉक-रेझिस्टंट या शिक्क्यामागची कसोटी काय आहे? एक मीटर उंचीवरून लाकडी फरशीवर पडण्याएवढा धक्का द्यायचा, आणि त्यानंतर घड्याळ दिवसाला साठ सेकंदांपेक्षा जास्त बिघडलेलं नसावं. बस. एव्हरेस्टचे फोटो छापणाऱ्या जाहिरातीच्या मानाने ही अपेक्षा अगदीच घरगुती आहे.

पाण्याचंही तसंच. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेलं असेल तर ते घालून तीस मीटर खोल जाता येत नाही. तो आकडा स्थिर दाबाखाली, नव्या रबरी रिंगांसह केलेल्या चाचणीचा. हात धुणं, पावसात भिजणं, एवढ्यापुरता तो विश्वासाचा. डायव्हर्स घड्याळ म्हणवून घ्यायचं तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १०० मीटर लागतात आणि चाचणी लिहिलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबावर होते. शिवाय रबर म्हातारं होतं. आपल्या कोकणात दोन पावसाळे काढलेलं जुनं घड्याळ, झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी, पाण्याच्या बाबतीत चाळणीच समजावं. ‘सी चीफ’ या नावातला समुद्रही नावापुरताच आहे. ती रोजच्या वापराची सभ्य घड्याळं होती.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांबद्दल थोडं. आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काट्यांवर खरोखरच रेडियम असायचं. मग त्याची जागा सौम्य किरणोत्सारी ट्रिटियमने घेतली आणि नव्वदच्या दशकापासून अजिबात किरणोत्सारी नसलेले, उजेड साठवून परत देणारे रंग आले. ट्रिटियमचा जोर साधारण बारा वर्षांत निम्मा होतो, म्हणून साठ-सत्तरच्या दशकातले काटे आज चमकत नाहीत. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. रंग जळून गेल्यामुळे चमक संपलेली असते, किरणोत्सार मात्र जागच्या जागी असतो. अशा घड्याळाचं झाकण घरी उघडून काटे खरवडायला जाऊ नका. ती भुकटी श्वासातून आत जाणं हाच मुख्य धोका.

आता बिव्हुआककडे येऊ.

हवेला वजन असतं. समुद्रकिनारी आपल्या डोक्यावर हवेचा सगळा थर असतो, तिथे दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल. वर चढत गेलो की डोक्यावरची हवा कमी होत जाते आणि दाब उतरतो. ३००० मीटरवर तो ७०० च्या जवळ येतो. घाट चढून महाबळेश्वरला पोचेपर्यंत गाडीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं असतं ते यामुळेच. आतली हवा तेवढीच, बाहेरून दाबणारी कमी झालेली. आता पाकिटाच्या जागी पातळ धातूची, वळ्या पाडलेली, आतली बहुतेक हवा काढून घेतलेली एक चपटी डबी घ्या. दाब वाढला की ती किंचित चेपते, कमी झाला की किंचित फुलते. लुसियाँ व्हिदी या फ्रेंच माणसाने १८४४ मध्ये याच कल्पनेवर पाऱ्याशिवाय चालणारा बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, बनवला.

भिंतीवर टांगायच्या बॅरोमीटरमध्ये डबी मोठी ठेवता येते. मनगटावर जागा कुठली? फेवर-ल्यूबाने ती डबी घड्याळाच्या मशीनच्या मागे बसवली. तिची हालचाल मिलीमीटरच्या काही अंशांची. ती दांडी आणि दातेरी चक्रांनी वाढवून तबकडीच्या मधोमध फिरणाऱ्या एका लाल काट्यापर्यंत आणली. तासकाटा आणि मिनिटकाटा आपलं काम करतात आणि त्यांच्यामध्ये हा लाल काटा हवेचा दाब दाखवत राहतो. काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर उंचीची पट्टी, ३००० मीटरपर्यंत.

वापरायची रीत अशी. पायथ्याच्या गावाची उंची नकाशावर ९०० मीटर दिली आहे, तर कडं फिरवून ९०० चा आकडा लाल काट्यासमोर आणायचा. मग चढायला लागायचं. काटा सरकत जातो आणि समोर येणारा आकडा म्हणजे आपली उंची. धुक्यात वाट हरवली असेल तर हा एक आकडा नकाशावरच्या समोच्च रेषेशी जुळवून निम्मा प्रश्न सुटतो. आपण या उंचीच्या रेषेवर कुठेतरी आहोत, एवढं तरी पक्कं होतं.

यात एक गणिती अडचण आहे. समुद्रसपाटीजवळ शंभर मीटर चढलं की दाब साधारण १२ हेक्टोपास्कलने उतरतो, ३००० मीटरजवळ तेवढ्याच चढाला ९ च्या आसपास. हवा खाली दाट आणि वर विरळ, त्यामुळे उतार सारखा नाही. पट्टी आखताना किंवा यंत्रणा जुळवताना हा फरक भरून काढावाच लागतो.

दुसरी अडचण मोठी आहे आणि माझ्या मते या घड्याळाचं सगळं आकर्षण तिथेच आहे. दाब फक्त उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. घड्याळाला दोन्हींतला फरक कळत नाही. संध्याकाळी तंबू ठोकला तेव्हा काटा २४०० मीटरवर होता. रात्रभर तुम्ही जागचे हलला नाहीत. सकाळी काटा २५०० म्हणतोय. तुम्ही शंभर मीटर चढलेले नाहीत, म्हणजे दाब रात्रीतून दहाएक हेक्टोपास्कलने पडला आहे. आणि डोंगरात एका रात्रीत एवढा दाब पडणं म्हणजे वादळ येतंय, सामान आवरा. बिव्हुआक म्हणजे डोंगरात उघड्यावर काढलेली रात्र. घड्याळाला हे नाव का दिलं ते इथे उमगतं. चालताना ते उंची सांगतं, थांबल्यावर हवामान. उंची मोजण्यातली चूक हाच हवामानाचा अंदाज, फक्त आपण हललो की नाही हे आपल्याला ठाऊक हवं.

उष्ण कटिबंधात आणखी एक बारकावा आहे. इथे दाब रोज घड्याळ लावल्यासारखा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. दोन्हींतला फरक काही हेक्टोपास्कलचाच, पण उंचीच्या पट्टीवर तो वीस-तीस मीटरचा घोळ घालू शकतो. म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईवर सकाळी दहाला जुळवलेलं असं यंत्र, माणूस दुपारपर्यंत माथ्यावरच बसून राहिला तरी, त्याला महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा उंच नेऊन बसवेल. मापन करणाऱ्याला हे माहीत असेल तर काही बिघडत नाही. माहीत नसेल तर तो घड्याळाला शिव्या घालतो.

कंपनी आपल्या इतिहासात काही मोठी नावं घेते. ध्रुवीय संशोधक पॉल-एमिल व्हिक्टर, आल्प्समधल्या ग्राँद जोरासच्या उत्तर कड्यावरची व्हिम्पर सोंड १९६४ मध्ये पहिल्यांदा चढणारे वॉल्तेर बोनात्ती आणि मिशेल व्होशे, आणि १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री जुन्को ताबेई. या सगळ्यांच्या हाताला बिव्हुआक होतं, असं कंपनी सांगते. असेल. पण ज्या घड्याळाची पट्टी ३००० मीटरला संपते ते ८८४९ मीटरच्या शिखरावर उंचीच्या बाबतीत काय बोलणार, हा साधा प्रश्न विचारायला हरकत नाही. तिथे त्याची किंमत गोठवणाऱ्या थंडीत चालत राहण्यात होती. ही उणीव कंपनीने २०१७ मध्ये बिव्हुआक ९००० काढून भरून काढली. त्याची पट्टी नावाप्रमाणे ९००० मीटरपर्यंत जाते. बाहेरचं कवच, म्हणजे केस, टायटॅनियमची, व्यास ४८ मिलीमीटर. बारीक मनगटाच्या माणसाने ते घातलं की माणूस घड्याळाला लटकल्यासारखा दिसतो.

बाथीची गोष्ट जास्त सोपी आहे, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा, म्हणजे समुद्रकिनारी हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, सरळ रेषेत. तरी पाणबुड्याला खोलीचा आकडा इतका का लागतो? दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. पटकन वर आलं तर तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांधे धरतात, लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून खोली आणि वेळ यांचं कोष्टक असतं. त्या काळच्या अमेरिकी नौदलाच्या तक्त्यानुसार ६० फुटांवर ६० मिनिटं राहून न थांबता वर येता यायचं, १०० फुटांवर २५, आणि १३० फुटांवर फक्त १०. आता तक्ते बदलले आहेत, पण तत्त्व तेच. दुप्पट खोल गेलात तर वेळ निम्म्याहून बराच कमी होतो.

डोक्सा या दुसऱ्या स्विस कंपनीने १९६७ च्या आपल्या नारिंगी तबकडीच्या ‘सब ३००’वर हा तक्ता थेट काचेभोवतीच्या कड्यावर कोरला. हुशार युक्ती, पण खोली मोजायला वेगळं यंत्र हातात हवंच. फेवर-ल्यूबाने १९६८ मध्ये उलट वाट धरली. वेळ आणि खोली दोन्ही एकाच तबकडीवर आणायचे. मागच्या झाकणाच्या भोकांतून आलेलं पाणी एका पातळ पडद्यावर दाब देतं, पडदा वाकतो, आणि ती हालचाल खोलीच्या काट्यापर्यंत जाते. घड्याळाचं मशीन पडद्याच्या अलीकडे कोरडंच राहतं. ‘बाथी ५०’ची पट्टी मीटरमध्ये, ‘बाथी १६०’ची फुटांत. त्या पातळ पडद्याच्या एका बाजूला अख्खा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गंज म्हणजे काय हे माहीत नसलेली तेल लावलेली चक्रं. इतका विश्वास टाकणारी रचना कागदावर मांडायलाही छाती लागते.

डायव्हर्स घड्याळांच्या फिरत्या कड्यातही असाच शहाणपणा आहे. बुडी मारताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि नंतर किती मिनिटं झाली ते वाचायचं. आताच्या मानकाप्रमाणे हे कडं एकाच दिशेने, डावीकडे फिरतं, नाहीतर चुकून फिरू नये अशी दुसरी सोय करावी लागते. का? खडकाला घासून चुकून फिरलंच तर त्रिकोण मागे जातो आणि झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. पाणबुड्या लवकर वर येतो, इतकंच. उजवीकडे फिरू शकलं असतं तर वेळ कमी दिसला असता आणि माणूस खालीच राहिला असता.

आज हे सगळं काम डायव्ह कॉम्प्युटर आणि फोन कितीतरी अचूक करतात, आणि खरोखर डोंगरात किंवा पाण्यात जाणाऱ्याने तेच न्यावेत. चावीचं घड्याळ त्यांच्याशी बरोबरी करू शकत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत ते आधीच हरलं होतं. १९६९ च्या नाताळात सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातले दोन तृतीयांशाच्या आसपास रोजगार गेले. फेवर-ल्यूबाचं घराणं आठ पिढ्या टिकलं, पण १९८५ मध्ये कंपनी हातातून गेली. नंतर मालक बदलत राहिले. २०११ मध्ये टाटांच्या टायटनने ती घेतली, २०२३ मध्ये एथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीने, आणि २०२४ मध्ये नव्या घड्याळांसह नाव पुन्हा बाजारात आलं. तबकडीवर अजून ‘स्विस मेड’ आहे. त्यासाठी मशीन स्विस असावं लागतं, जोडणी आणि शेवटची तपासणी तिथे व्हावी लागते आणि २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. मालकी कुठल्या देशाची, हा प्रश्न कायदा विचारत नाही.

मग हे घड्याळ लोकांना का हवं असतं? थोडा भाग कहाणीचा आहे, आणि दुकानदार त्या कहाणीचे पैसे लावतो हे मान्य करून टाकावं. पण कहाणी तर प्रत्येक महागड्या घड्याळाला चिकटवलेली असते. इथे वेगळं हे की घड्याळाचा प्रत्येक विचित्र भाग कुणाच्या तरी अडचणीचं उत्तर आहे आणि ते उत्तर डोळ्यांनी वाचता येतं. कडं का फिरतं, पट्टीवरच्या खुणा अशा का, झाकणाला भोकं का. फोनवर २४०० मीटर हा आकडा दिसतो तेव्हा तो कसा आला हे पाहता येत नाही. बिव्हुआकचा काटा सरकतो तेव्हा हवेनेच एक डबी दाबलेली किंवा सोडलेली असते, मध्ये दुसरं कुणी नाही. घोरपड कड्याला चिकटते कशी हे पाहण्यात जो आनंद आहे, तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघण्यात नाही, असं मानणाऱ्या लोकांसाठी ही घड्याळं आहेत. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

घरात जुनं फेवर-ल्यूबा असेल तर ते बहुधा सी चीफ किंवा सी किंगच असणार. बिव्हुआक किंवा बाथी निघालं तर नशीब. दोन्ही बाबतीत तीन गोष्टी पाळा. चावी देऊन चालतंय म्हणून रोज वापरायला काढू नका, आतलं तेल सुकलेलं असतं आणि कोरड्या चक्रांवर चालवलं की ती झिजतात, आधी सर्व्हिसिंग. पाण्यापासून लांब ठेवा. आणि तबकडी डागाळली म्हणून नवा रंग मारून आणू नका. मुंबईच्या जुन्या बाजारांतून अशी चकचकीत रंगवलेली घड्याळं जगभर जातात आणि संग्राहक त्यांना लांबूनच ओळखतात. अक्षरं जाड आणि फेंगडी, काटे एका मॉडेलचे तर केस दुसऱ्याची. डाग पडलेल्या मूळ तबकडीला जास्त भाव येतो, आणि ती पुसली गेली की कुठलाही घड्याळजी ती परत आणून देऊ शकत नाही.